शब्दशः अर्थाला बाध कोणी आणायचा?

इंग्रजीतील 'लिटरली' हे क्रियाविशेषण रोजच्या बोलण्यात इतके रुळले आहे की धर्मग्रंथांच्या अर्थनिर्णयाशी असलेले त्याचे जुने नाते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अक्षर या अर्थाच्या 'लित्तेरा' या लॅटिन शब्दापासून ते आले असून मराठीतील 'शब्दशः' आणि 'अक्षरशः' ही क्रियाविशेषणे त्याच्या सर्वांत जवळची आहेत. ज्या विशेषणापासून ते साधले, ते 'लिटरल' हे विशेषण चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आले, तेव्हा बायबलमधील वचनांचा गूढार्थाहून वेगळा असा जो सरळ अर्थ, त्याच्यासाठी ते प्रामुख्याने योजले जात होते. पुढे 'लिटरली'चा वापर पसरत गेला, आणि १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस ब्रुक यांच्या 'द हिस्टरी ऑफ एमिली मॉन्टेग्यू' या कादंबरीत तर जे शब्दशः खरे असणे शक्यच नाही अशा गोष्टीवर जोर देण्यासाठी ते आलेले दिसते. डिकन्स आणि मार्क ट्वेन यांनीही ते तसे वापरले. अमेरिकन लेखक अँब्रोझ बिअर्स याने १९०९ मध्ये लेखनदोषांवरील आपल्या पुस्तिकेत या वापराचा निषेध केला. मराठीतही पावसाने गावाला 'अक्षरशः' झोडपून काढले असे लिहिले जाते आणि त्यात कोणालाही अक्षरांचा संबंध जाणवत नाही. भाषेच्या शुद्धतेविषयी दक्ष असलेल्यांना हा ऱ्हास वाटतो. परंतु या सैल वापरातच त्या क्रियाविशेषणाचा एक जुना गुण टिकून राहिला आहे. ते वापरणारा माणूस आपल्या शब्दांचा अर्थ कोणता हे सांगण्यापेक्षा, ऐकणाऱ्याने त्या शब्दांना परस्पर सूट देऊ नये, अशी मागणी करीत असतो. बोललेल्या शब्दाला बांधून घेण्याचा हा भाव, धर्मग्रंथ 'शब्दशः' खरा मानणाऱ्याच्या मनात अधिक गंभीर रूपाने असतो, आणि म्हणूनच त्या श्रद्धेचा विचार केवळ शब्दार्थविचाराचा प्रश्न म्हणून करता येत नाही.

या प्रश्नासाठी लागणारी परिभाषा भारतीय शास्त्रपरंपरेत फार काटेकोरपणे घडवली गेली आहे. शब्द ज्या शक्तीने आपला रूढ, मुख्य अर्थ सांगतो तिला अभिधा म्हणतात. आणि तो मुख्य अर्थ जुळेनासा झाला असता त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ ज्या शक्तीने घेतला जातो तिला लक्षणा म्हणतात. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटले असता वस्ती प्रवाहावर असू शकत नाही म्हणून ती काठावर आहे असे समजायचे, हे लक्षणेचे नेहमीचे उदाहरण. लक्षणेला तीन अटी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाला बाध यावा, म्हणजे तो अडावा, नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध असावा, आणि असे बोलण्यामागे रूढी किंवा काही प्रयोजन असावे. या तिहींतील पहिली अट वरवर पाहता सर्वांत सोपी आहे, परंतु धर्मग्रंथाच्या बाबतीत सगळा वाद तिच्यापाशीच येऊन थांबतो. वस्ती पाण्यावर नसते हे सर्वांना ठाऊक असते. ईश्वराचे म्हणून मानलेले वचन अडले आहे हे कोणी, कशाच्या आधारावर ठरवायचे?

वेदाला अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांनाही ही अडचण टाळता आली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. यज्ञातील खांबाला, म्हणजे यूपाला, सूर्य म्हणणारी आणि वेदीवर पसरलेल्या दर्भाच्या जुडीला यजमान म्हणणारी वाक्ये त्यांच्यासमोर होती. ती जुडी शेवटी अग्नीत टाकावयाची असल्याने ते वाक्य शब्दशः घेतले तर यजमानच आगीत पडेल आणि कर्म करणाराच उरणार नाही, म्हणून अशी वाक्ये स्तुतिपर, म्हणजे अर्थवाद, समजावीत असा त्यांनी निर्णय दिला. येथे बाध आणणारे तत्त्व कर्माची सिद्धी हे आहे. शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या अखेरच्या भागात याहून व्यापक भूमिका घेतली आहे: अग्नी थंड आहे असे शेकडो श्रुतिवचनांनी सांगितले तरी त्या विषयात ती प्रमाण ठरणार नाहीत, आणि श्रुती तसे म्हणत असेलच तर तिला वेगळा अर्थ अभिप्रेत आहे असे समजावे. श्रुतीचा अधिकार प्रत्यक्षाने कळणाऱ्या गोष्टींवर नाहीच, असे म्हणून त्यांनी दोन्ही प्रमाणांची क्षेत्रे वेगळी केली. बाध कोठून येतो हे त्यांनी उघडपणे सांगितले, हे या भूमिकेचे खरे बळ आहे.

ख्रिस्ती परंपरेत हाच प्रश्न प्रारंभीच्या शतकांपासून उभा राहिला. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने शास्त्रवचनाला देह, जीव आणि आत्मा यांसारखे तीन स्तर असतात असे मांडले; सूर्य निर्माण होण्यापूर्वीच उत्पत्तीच्या ग्रंथात तीन दिवस आणि तीन रात्री कशा होऊन गेल्या, आणि देवाने एखाद्या शेतकऱ्यासारखी बागेत झाडे लावली असे कोण समजेल, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. याच ओरिजेनने तारुण्यात, स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःला नपुंसक करून घेणाऱ्यांविषयीचे ख्रिस्ताचे वचन अक्षराप्रमाणे पाळून स्वतःच्या देहावर शस्त्र चालवले, असे चर्चचा पहिला इतिहासकार युसेबियस सांगतो. या वृत्ताच्या सत्यतेविषयी अभ्यासकांत दुमत आहे, परंतु शब्दशः पालनाची सर्वांत भयंकर आठवण आणि रूपकात्मक वाचनाची सर्वांत मोठी शाळा या दोहोंना परंपरेने एकाच नावाशी जोडावे, यातून त्या काळी हा प्रश्न किती जवळून जाणवत होता हे कळते.

संत ऑगस्टीनचा ग्रंथ या बाबतीत अधिक बोधप्रद आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी सुमारे पंधरा वर्षे खपून त्याने उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांवर बारा खंडांचे भाष्य लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच ते 'अक्षरार्थाने' केलेले विवरण आहे असे नमूद केले. आजच्या वाचकाला या शीर्षकावरून सहा दिवसांच्या सृष्टीचा अक्षरशः पुरस्कार अपेक्षित असेल, तर ग्रंथात त्याच्या उलट सापडते: ईश्वराने सर्व काही एकाच वेळी निर्माण केले आणि ते सहा दिवस सूर्याच्या उदयास्ताने मोजले जाणारे दिवस नव्हेत, असे ऑगस्टीन म्हणतो. त्याच्या दृष्टीने यात कसलीही विसंगती नव्हती, कारण अक्षरार्थ म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टींची पूर्वसूचना म्हणून न वाचता, जे खरोखर घडले त्याचे कथन म्हणून केलेले वाचन. ते घडणे कोणत्या प्रकारचे होते याचा शोध अजून बाकीच असतो. त्याच भाष्याच्या पहिल्या खंडात त्याने दिलेला इशाराही महत्त्वाचा आहे. पृथ्वी, आकाश आणि ग्रहगती यांविषयी ख्रिस्ती नसलेल्या जाणत्या माणसाला जे निश्चितपणे ठाऊक असते, त्याच्या विरुद्ध बोलून ते शास्त्रात आहे असे सांगणारा ख्रिस्ती मनुष्य शास्त्रालाच हास्यास्पद करतो, हे त्याला लाजिरवाणे वाटत होते. शिवाय ख्रिस्ती शिकवणीविषयीच्या दुसऱ्या ग्रंथात त्याने असा नियम घालून दिला की ज्या वचनाचा सरळ अर्थ सदाचाराशी किंवा श्रद्धेच्या सत्याशी जुळत नाही ते आलंकारिक समजावे. म्हणजे निसर्गाचे ज्ञान आणि नीती अशा दोन बाजूंनी बाध येऊ शकतो हे त्याला मान्य होते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या विचाराला जी नेमकी मांडणी दिली ती आजही वादात वारंवार विसरली जाते. लेखकाला जे सांगावयाचे आहे तोच अक्षरार्थ, असे त्याने म्हटले आणि धर्मविद्येतील युक्तिवाद फक्त या अक्षरार्थावरच उभारता येतो असेही बजावले. मग ईश्वराच्या बाहूचा उल्लेख जेथे येतो तेथे अक्षरार्थ कोणता? ईश्वराला हाताचा अवयव आहे हा नव्हे, तर बाहूने जे सुचवले जाते ते सामर्थ्य ईश्वरात आहे, हाच तेथील अक्षरार्थ होय, असे त्याचे उत्तर आहे. रूपक अक्षरार्थाच्या बाहेर पडत नाही, ते त्याच्याच पोटात राहते. या व्याख्येत शब्दशः वाचणे आणि रूपक ओळखणे यांत विरोध उरत नाही. उलट रूपक न ओळखणारा वाचकच अक्षरार्थ चुकतो. यहुदी परंपरेत डोळ्याबद्दल डोळा या नियमाचा निर्णय करतानाही अशीच सूक्ष्म दृष्टी दिसते. तालमूदमधील पंडितांनी त्याचा अर्थ नुकसानभरपाई असा केला, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत एक असे होते की आधीच आंधळा असलेल्या माणसाने दुसऱ्याचा डोळा फोडला तर शब्दशः शिक्षा देणेच अशक्य होईल आणि सर्वांना एकच न्याय हे तत्त्व मोडेल. येथे बाध आणणारे तत्त्व न्याय हे आहे, आणि त्या न्यायाचा आधारही शास्त्रातच शोधलेला आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने या प्रश्नाला लोकांच्या जीवनमरणाचे स्वरूप दिले. विल्यम टिंडेलने १५२६ मध्ये इंग्रजी नवा करार छापला आणि १५२८ च्या एका पुस्तकात शास्त्राला एकच, म्हणजे अक्षरार्थ हाच, अर्थ असतो असे ठासून सांगितले. ईश्वर म्हणी, उपमा आणि रूपके यांतूनही बोलतो, परंतु त्या रूपकाने जे सांगितले जाते तोच अक्षरार्थ, असेही तो लिहितो. त्याचे हे म्हणणे अक्वायनसच्या म्हणण्यापासून फारसे दूर नाही. फरक हेतूत होता. अनेक स्तरांचे अर्थ सांगण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्या पुरोहितवर्गाच्या हातून शास्त्र सोडवून नांगर धरणाऱ्या मुलाच्या हाती द्यावे हा त्याचा ध्यास होता, आणि त्यासाठी १५३६ मध्ये त्याला प्राण द्यावे लागले. शब्दशः वाचनाकडे आज केवळ हटवादाचे लक्षण म्हणून पाहिले जाते. परंतु ते ज्यांनी उचलून धरले त्यांतील अनेकांना ते मध्यस्थाच्या सत्तेपासून मिळणारे संरक्षण वाटत होते. अक्षर सर्वांना दिसते; गूढार्थ ज्याला दिसतो म्हणून तो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

मध्यस्थ दूर झाला तरी बाधाचा प्रश्न सुटत नाही, हे १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्ग येथे सर्वांच्या समोर आले. हेसचा राजपुत्र फिलिप याने आपल्या किल्ल्यात मार्टिन लूथर आणि झुरिकचा सुधारक हुल्डरिच झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवले, कारण धर्मसुधारकांची राजकीय एकी त्यांच्या मतैक्यावर अवलंबून होती. वाद प्रभुभोजनाविषयी, म्हणजे ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर हाती घेऊन ती आपले शरीर असल्याचे जे सांगितले त्याविषयी, होता. लूथरने टेबलावर ते लॅटिन वाक्य खडूने लिहून ठेवले आणि त्यातील 'आहे' या क्रियापदापासून आपण हलणार नाही असे दाखवून दिले. झ्विंग्लीच्या मते तेथे 'आहे' याचा अर्थ 'दर्शवते' असा होता. ख्रिस्ताने स्वतःला द्राक्षवेलही म्हटले आहे, आणि तेथे कोणी वेलीची पाने शोधत नाही, अशी उदाहरणे त्याच्या बाजूला होती. शरीर एकाच वेळी अनेक ठिकाणी असू शकत नाही ही अडचण पुढे केली गेली तेव्हा, ईश्वर गणिताच्या वर आहे, असे म्हणून लूथरने तो आक्षेप ऐकून घेण्यासही नकार दिला. शेवटी पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि पंधराव्यातील एका मुद्द्यावर दोघे कायमचे वेगळे झाले.

या वादाचा विचार करताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक, शास्त्र हेच एकमेव प्रमाण मानणारे, एकच भाषा बोलणारे, एकाच वचनावर बोट ठेवून बसलेले दोन विद्वान तीन अक्षरांच्या लॅटिन क्रियापदावर अडले, यावरून अक्षरार्थ अक्षरातच तयार पडलेला असतो ही समजूत टिकत नाही. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. लूथरला रूपके कळत नव्हती असे कोणीही म्हणू शकणार नाही. वेलीचे रूपक त्यालाही मान्य होते. येथे मुख्यार्थ अडतो हे मान्य करण्याचा अधिकार मानवी बुद्धीला नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्या म्हणण्यामागे बुद्धीचा तिरस्कार नव्हता, तर ख्रिस्ताने दिलेल्या अभिवचनातून एक शब्द जरी माणसाने आपल्या सोयीने कमी केला तर मरणाच्या वेळी त्यावर विसंबता येणार नाही ही व्याकुळता होती. या ठिकाणी 'शब्दशः' हा शब्द वाक्याचा अर्थ सांगत नाही. तो शपथेसारखा उच्चारला जातो. झ्विंग्लीचा तर्क अधिक सरळ होता असे म्हणता येईल, परंतु लूथरची ही गरज ज्याला समजली नाही त्याला शब्दनिष्ठ श्रद्धेचा गाभा समजला असे म्हणता येणार नाही.

यानंतरच्या तीन शतकांत 'शब्दशः' या कल्पनेचा अर्थ हळूहळू आकसला. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालगणनेत सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षातील ऑक्टोबर महिन्यात ठरवला आणि १७०१ पासून त्यांची वर्षे इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जाऊ लागली, त्यामुळे सामान्य वाचकाला ती मूळ ग्रंथाचाच भाग वाटू लागली. येल विद्यापीठातील धर्मविचारक हान्स फ्राय यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की अठराव्या शतकापूर्वी कथेचा सरळ अर्थ आणि तिने सांगितलेली घटना या वाचकाच्या मनात एकत्रच असत. नंतर त्या वेगळ्या झाल्या, आणि कथेचे खरेपण म्हणजे तिच्याबाहेरच्या घटनेशी तिचा तंतोतंत मेळ, असे श्रद्धावान आणि संशयवादी दोघेही समजू लागले. हे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण त्यातून असे दिसते की आजचा कडवा शब्दनिष्ठ आणि त्याची टर उडवणारा नास्तिक हे दोघे 'शब्दशः' या शब्दाच्या एकाच नव्या, अरुंद व्याख्येवर उभे असतात. टेनेसी राज्यातील डेटन येथे जुलै १९२५ मध्ये उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल चाललेल्या खटल्यात विल्यम जेनिंग्स ब्रायन यांची उलटतपासणी घेताना क्लॅरन्स डॅरो यांनी योनाचा मासा आणि यहोशवाने थांबवलेला सूर्य यांविषयी प्रश्न विचारले. बायबलचे रक्षक म्हणून उभ्या असलेल्या ब्रायन यांनीच उत्पत्तीतील दिवस चोवीस तासांचे असलेच पाहिजेत असे नाही हे तेथे मान्य केले, तरी त्या दोघांच्या प्रश्नोत्तरांत ऑगस्टीनच्या अक्षरार्थाला कोठेही जागा नव्हती. अमेरिकेतील गॅलप संस्था अनेक दशके लोकांना विचारत आली आहे की बायबल हे ईश्वराचे शब्दशः घ्यावयाचे प्रत्यक्ष वचन आहे काय; १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ४० टक्के लोकांनी होकार दिला होता, २०२२ मध्ये तो २० टक्क्यांवर आला. या आकड्यांवरून श्रद्धा ओसरल्याचा निष्कर्ष काढला जातो, परंतु होकार देणाऱ्यांपैकी किती जणांना ईश्वराला हात आहे असे म्हणावयाचे होते आणि किती जणांना आपण या वचनाशी बांधलेले आहोत एवढेच सांगावयाचे होते, हे तो प्रश्न विचारतच नाही.

बाधाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सर्वांत तीव्रतेने मांडला गेला तो दक्षिण आफ्रिकेत. जॉन विल्यम कोलेन्सो हे केंब्रिजमध्ये शिकलेले गणिती आणि अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक १८५३ मध्ये नाताळ या वसाहतीचे बिशप झाले आणि बायबलचे झुलू भाषेत भाषांतर करू लागले. त्यांचा झुलू सहकारी विल्यम न्गिदी याने जलप्रलयाची कथा वाचताना हे सगळे खरे आहे काय असे विचारले, आणि ज्याच्यावर आपला विश्वास उरलेला नाही ते ईश्वराच्या नावाने खरे म्हणून सांगता येणार नाही हे कोलेन्सो यांना कळून चुकले. १८६२ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथमालेत त्यांनी मोशेच्या पुस्तकांतील संख्या तपासल्या: सहा लाख पुरुषांची सभा निवासमंडपाच्या दारासमोर जमली असेल तर तिची रांग कित्येक मैल लांब गेली असेल, अशा हिशेबांनी त्यांनी शब्दशः खरेपणाचा दावा मोडून काढला. लूथरने दाराबाहेर ठेवलेले गणित येथे बाध आणणारे प्रमाण म्हणून आत आले. केपटाउनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी त्यांना पदच्युत केले आणि १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्द ठरवला.

कोलेन्सो यांचे नाव या गणितासाठी लक्षात राहिले, आणि त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण तेथेच थांबतात. पण त्यांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या भागात याहून गंभीर गोष्ट आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात असा नियम आहे की मालकाच्या माराने गुलाम तत्काळ न मरता एकदोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण गुलाम हा त्याचा पैसाच आहे. हे वाक्य झुलूत उतरवताना भाषांतरात मदत करणाऱ्या एका सहायकाचे मन उसळून उठले. दया आणि न्याय यांचा ईश्वर एखाद्या चाकराला निव्वळ पैसा म्हणेल हे त्याला मान्य होईना. येथे जो बाध आला तो संख्येतून आलेला नव्हता. ज्याच्या वंशाच्या माणसांना गुलाम केले जात होते अशा माणसाच्या विवेकबुद्धीने तो आणला होता. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, आणि तेथील गुलामगिरीचे समर्थक धर्मोपदेशक लेवीयातील नियम आणि पौलाची पत्रे यांचा शब्दशः अर्थ पुढे करीत होते. इतिहासकार मार्क नॉल यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की अक्षराच्या पातळीवर त्यांचा युक्तिवाद वाचकांना सरळ आणि बळकट वाटत असे, आणि विरोधकांना शास्त्राच्या एकूण आशयाचा आधार घ्यावा लागत असे, जो त्या काळच्या अनेक श्रद्धाळूंना शास्त्रापासून पळवाट काढल्यासारखा भासे. शब्दशः वाचन मध्यस्थापासून वाचवते हे जितके खरे, तितकेच ते मालकाच्या हातीही शस्त्र देते हे येथे दिसते, आणि शब्दनिष्ठेची बाजू मनापासून समजून घेणाऱ्यालाही या ठिकाणी तिच्या विरुद्ध उभे राहिल्यावाचून गत्यंतर नाही. न्गिदी याचा प्रश्न आणि त्या सहायकाचा संताप यांना शास्त्रार्थात स्थान नाही असे म्हणणारी शब्दनिष्ठा, ज्या ईश्वराच्या शब्दाशी ती बांधलेली आहे त्याच्या न्यायाविषयी मौन पाळते.

असाच वाद महाराष्ट्रात याच्या फार आधी सुरू झाला होता. मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्ये 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहून मिशनऱ्यांना उत्तर दिले आणि पुढच्याच वर्षी मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्याचे खंडन करणारे इंग्रजी पुस्तक काढले. या खंडनमंडनात पुराणकथांची तपासणी त्यांच्या शब्दार्थावरून केली जात असे आणि बायबललाही तीच कसोटी लावून प्रतिप्रश्न विचारले जात. आपल्या ग्रंथासाठी लक्षणा आणि दुसऱ्याच्या ग्रंथासाठी अभिधा हा मोह दोन्ही बाजूंना होता. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त हीच पद्धत पूर्णपणे वेगळ्या उद्देशाने वापरली. ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण जन्मले असतील, तर त्या चारही अवयवांना प्रसूतीपूर्वीचा आणि नंतरचा सगळा शारीरिक धर्म लागू होता काय, असे धोंडिबाबरोबरच्या संवादात विचारून त्यांनी त्या कथेचा शब्दार्थ असह्य होईपर्यंत ताणला. हे वाचन उथळ आहे, कारण ती कथा रूपक आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण रूपक म्हणून सांगितली जाणारी ती कथा माणसांचे पाणी आणि शिक्षण ठरवताना मात्र शब्दशः अमलात आणली जात होती, आणि म्हणून तिला शब्दशः जाब विचारणे हाच तिचा खरा शास्त्रार्थ होता. यानंतर फुले यांनी मत्स्य, वराह आणि नरसिंह यांच्या कथांत आर्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास वाचला आणि बळीराजाला त्या इतिहासाच्या मध्यभागी आणले. म्हणजे बाध सिद्ध केल्यावर लक्षणाही त्यांनी स्वतःच केली.

पंडिता रमाबाईंची वाट दुसरी होती. पुराणिकाच्या घरात पुराणे आणि शास्त्रे मुखोद्गत करून वाढलेल्या या विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि तेथील अँग्लिकन भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात चर्चने ठरवून दिलेल्या सिद्धांतांपुढे मान न तुकवता, बायबलमध्ये जे आहे तेवढ्यालाच आपण बांधील आहोत असा आग्रह धरला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून आयुष्याच्या उत्तरार्धातील अनेक वर्षे संपूर्ण बायबलच्या भाषांतराला दिली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला शास्त्र्याची किंवा पाद्र्याची मदत न घेता वाचता यावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द टाळले, आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्यात गदारोळ झाला तेव्हा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' या नियतकालिक पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली होती. एकाने ग्रंथ शब्दशः वाचून त्याचा अधिकार नाकारला, दुसरीने ग्रंथ शब्दशः वाचून त्याचा अधिकार स्वीकारला, आणि तरीही ग्रंथ आणि वाचणारा यांच्यामध्ये उभे राहण्याचा हक्क कोणाला नाही याविषयी दोघांचे एकमत होते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील गुलामाविषयीचे ते वाक्य त्या सोप्या मराठीतही आले आहे, आणि केडगावच्या बाईला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्याला बाध आणावा की नाही हेही मग तिलाच ठरवावे लागते.